अल्बममधलं भोक

आमच्या घरी एक फोटो आहे. १९८३ सालचा, थोरल्या काकांच्या लग्नातला. साताऱ्याच्या घराच्या पायऱ्यांवर सगळी मंडळी बसली आहेत, पुढे पोरंटोरं, मागे फेटेवाले. मी लहानपणी मोजली होती, चौदा माणसं आणि एक भोक. भोक म्हणजे खरोखरचंच भोक, शर्टाच्या बटणाएवढं. दुसऱ्या पायरीवर आजीच्या उजव्या हाताला एक साडी आहे, खांदा आहे, खांद्यावरून पुढे घेतलेली वेणी आहे, पण चेहरा नाही. चेहऱ्याच्या जागी अल्बमचं काळं पान दिसतं.

ती माझी आत्या. लग्नाच्या पुढच्या वर्षी तिनं जातीबाहेर लग्न केलं, ते घरी कोणालाही न सांगता. आजोबांनी दाढीचं ब्लेड घेतलं आणि फोटोतून तिचा चेहरा नेमका तेवढाच कापून काढला. मी आत्याला आजवर प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. लहानपणी मला वाटायचं की फोटोला कसर लागली आहे.

आजोबा आता नाहीत. यंदाच्या थंडीत आजी आमच्याकडे इंदिरापुरमला आली, ती बॅगेत दोन स्वेटर, मेतकुटाचा डबा आणि तो अल्बम घेऊन. एका दुपारी मी लॅपटॉपवर काम करत बसले होते, तर ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "अगं, तुझ्या त्या फोनमध्ये सगळं होतं म्हणतात ना? मग हिचं तोंड लावून दे बघू."

मला काय, फोन हातातच होता. फोटोचा फोटो काढला, एका ॲपमध्ये टाकला, भोकावरून बोट फिरवलं. अर्ध्या मिनिटात भोक बुजलं. तिथे एक सुंदर तरुण मुलगी आली. कपाळावर टिकली, ओठांवर हलकं हसू, उजेडसुद्धा बरोबर डावीकडून पडलेला. मी खूश होऊन फोन आजीपुढे धरला. आजीनं चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं,

"ही कोण?"

"आत्या."

"ही नव्हे. ही कोणत्या तरी सिरियलमधली दिसते."

या सदरात आपण नेहमी फोन, फोटो आणि घर यांविषयी बोलतो. या वेळी मी रील्सच्या कव्हर फोटोंवर लिहिणार होते. पण आजीच्या त्या "ही कोण?"नं मला भलतीकडेच नेलं. आधी एका रशियन माणसाकडे, मग इथल्याच, दिल्लीच्या एका घराकडे.

शाई आणि ब्लेड

त्या रशियन माणसाचं नाव अलेक्झांडर रोडचेंको. जन्म १८९१, मृत्यू १९५६. चित्रकार, पोस्टर करणारा, फर्निचरचे आराखडे काढणारा आणि मग फोटोग्राफर. तुम्ही इन्स्टाग्रामवर एखादा फोटो पाहिला असेल, इमारत खालून काढलेली, गॅलऱ्या आकाशाकडे तिरक्या पळताहेत. असा फोटो आज कोणीही काढतो. १९२५ मध्ये मॉस्कोत रोडचेंकोनं आपल्याच इमारतीच्या गॅलऱ्या तशा काढल्या, तेव्हा तो वेडेपणा समजला जायचा. त्या काळी कॅमेरा पोटाशी धरून वरून त्यात बघायची पद्धत होती. त्यामुळे सगळे फोटो एकाच उंचीवरून निघायचे. रोडचेंको त्यांना बेंबीतून काढलेले फोटो म्हणायचा. त्याचं म्हणणं असं की माणूस काही बेंबीनं बघत नाही. तो वर बघतो, खाली वाकतो, जिन्यावरून डोकावतो.

त्याच्या आईचा १९२४ मधला फोटो मला सर्वांत आवडतो. डोक्याला रुमाल, चेहऱ्यावर सुरकुत्या, आणि चष्म्याची एकच काच डोळ्याशी धरून ती काहीतरी वाचते आहे. लोकांचे कपडे धुऊन आयुष्य काढलेली बाई. रोडचेंकोनं कॅमेरा हाती घेतला तेव्हाच्या सुरुवातीच्या फोटोंपैकी हा आहे. प्रयोग, क्रांती वगैरे सगळं खरं, पण माणूस आधी आईचाच फोटो काढतो.

कॅमेरा घेण्याआधी तो कात्री चालवायचा. मायाकोव्हस्की या कवीच्या १९२३ मधल्या एका पुस्तकासाठी त्यानं इतरांनी काढलेले फोटो आणि मासिकांतली चित्रं कापून, एकमेकांवर चिकटवून नवीनच चित्रं केली. याला फोटोमोंताज म्हणतात. आपल्याकडे फोटो स्टुडिओवाले याला सरळ "जोडून देणे" म्हणतात. गावी गेलेल्या काकांना लग्नाच्या फोटोत जोडून देतात, वारलेल्या आजोबांना नातवाच्या बारशात जोडून देतात. फरक एवढाच की स्टुडिओवाला जोड लपवतो आणि रोडचेंको तो दाखवायचा. त्याच्या चित्रात कात्री कुठून फिरली ते स्पष्ट दिसतं.

आता यातला वाईट भाग. १९३३ मध्ये सरकारी कामावर तो पांढरा समुद्र आणि बाल्टिक समुद्र जोडणाऱ्या कालव्यावर फोटो काढायला गेला. तो कालवा कैद्यांकडून खणून घेतला जात होता आणि त्यात हजारो कैदी मेले. त्याच्या फोटोंत आणि मोंताजमध्ये मात्र सगळं जोशपूर्ण, उत्सवासारखं दिसतं. म्हणजे त्याच कात्रीनं त्यानं खोटंही जोडून दिलं. दुसऱ्या बाजूनं त्याच्यावरही टीका चालूच होती. एका बालवीराचा चेहरा अगदी खालून काढला म्हणून टीकाकार तुटून पडले होते, ज्या कलाकारांच्या गटात तो होता त्यांनीच त्याला बाहेर काढलं होतं.

आणि मग ती गोष्ट, जी वाचताना मी ऑफिसच्या कॅबमध्ये अक्षरशः थबकले. १९३४ मध्ये रोडचेंको आणि त्याची बायको वार्वारा स्तेपानोव्हा, तीही मोठी कलाकार, यांनी उझबेकिस्तानच्या दहा वर्षांवर एक देखणं पुस्तक सजवलं. त्यात तिथल्या पुढाऱ्यांचे मोठमोठे फोटो होते. तीनच वर्षांत स्टालिननं त्यांतल्या अनेकांना गद्दार ठरवून संपवलं. मग अशा लोकांचे फोटो घरात असणंही गुन्हा झाला. तेव्हा रोडचेंकोनं स्वतःच सजवलेल्या पुस्तकाची स्वतःकडची प्रत काढली आणि ते चेहरे काळ्या शाईनं भरून टाकले. कोट तसाच, कॉलर तशीच, आणि मान संपते तिथे काळा ठिपका. ती प्रत पुढे पुष्कळ वर्षांनी त्याच्या स्टुडिओत सापडली.

मला आजोबांचं ब्लेड आठवलं. आजोबांच्या मागे काही स्टालिन लागला नव्हता. पण गावात तोंड कसं दाखवायचं, ही धास्ती होती, असं बाबा म्हणतात. मी ते ऐकून घेतलं, पटवून घेतलं नाही.

न पाहिलेली मावशी

आता दिल्लीचं घर. अमृता शेरगिलचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिच्या चित्रांचा सर्वांत मोठा संग्रह इंडिया गेटजवळच्या जयपूर हाऊसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. आजीला मी तिथे घेऊन गेले होते. अंग चोरून बसलेल्या तीन मुलींच्या १९३५ मधल्या चित्रापुढे आजी थांबली आणि म्हणाली, "यांची लग्नं ठरलीत वाटतं." त्या चित्रावर मी कॉलेजात दोन पानं लिहिली होती. आजीनं एका वाक्यात सांगितलं.

पण मला बोलायचंय ते अमृताच्या वडिलांविषयी. उमराव सिंग शेरगिल, जन्म १८७०. सरदार घराणं, संस्कृत आणि फारसीचा व्यासंग, योगाचा आणि आकाशातल्या ताऱ्यांचा नाद, आणि या सगळ्याच्या जोडीला कॅमेरा. विसाव्या वर्षाच्या आसपास हातात घेतलेला कॅमेरा त्यांनी म्हातारपणापर्यंत ठेवला नाही. बायको मारी अँतुआनेत हंगेरीची, गाणं शिकलेली. मुली दोन, अमृता आणि इंदिरा. बुडापेस्ट, सिमला, पॅरिस, कुटुंब जिथे जाईल तिथे कॅमेरा. मुली साडीत, मुली फ्रॉकमध्ये, मुली नटूनथटून आरशासमोर, बायको पियानोपाशी.

आणि स्वतः. सेल्फी हा शब्द जन्माला येण्याच्या शंभर वर्षं आधी या गृहस्थांनी स्वतःचे कित्येक फोटो काढले. दाढी, मोकळे सोडलेले लांब केस, उघडं अंग, कधी पुस्तकात बुडालेले, कधी कॅमेऱ्याकडे रोखून बघताना. पंधरा दिवसांचा उपवास केल्यावर आपण कसे दिसतो, त्याचाही फोटो. पोटाच्या घड्या, बरगड्या, काही लपवलेलं नाही. एकही फोटो विकायला नाही की प्रदर्शनाला नाही. घरातलाच प्रयोग, घरापुरता. त्यांचे फोटो जगानं खऱ्या अर्थानं पाहिले ते ते गेल्यावर पन्नासेक वर्षांनी.

रोडचेंकोनं १९२८ मध्ये एक लेख लिहिला होता. त्याचा गाभा असा की एकाच भारदस्त पोर्ट्रेटमध्ये माणूस मावत नाही. त्याचे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या मनःस्थितीत काढलेले पुष्कळ साधे फोटो एकत्र ठेवा, मग कुठे तो थोडाफार दिसेल. उमराव सिंगांनी हे त्याच्याही आधीपासून, कुणालाही न सांगता, स्वतःवर करून पाहिलं होतं.

या घराचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण लांबवण्यासारखं नाही. अमृता १९४१ च्या डिसेंबरात लाहोरला गेली, वय अवघं अठ्ठावीस. १९४८ मध्ये तिच्या आईनं स्वतःवर गोळी झाडून घेतली. १९५४ मध्ये उमराव सिंग गेले. मागे राहिली इंदिरा, आणि फोटोंचा ढीग.

इंदिराचा मुलगा विवान सुंदरम. जन्म १९४३, म्हणजे मावशी गेल्यावर दोन वर्षांनी. पुढे तो दिल्लीतला मोठा कलाकार झाला, २०२३ मध्ये दिल्लीतच वारला. त्यानं आपल्या मावशीला कधीच पाहिलं नव्हतं. होते ते फक्त आजोबांनी काढलेले फोटो. २००१ मध्ये त्यानं ते कॉम्प्युटरवर घेतले आणि कापायला, जोडायला सुरुवात केली. 'रिटेक ऑफ अमृता' हे त्या मालिकेचं नाव. त्यात वेगवेगळ्या वर्षांतली, वेगवेगळ्या शहरांतली माणसं एकाच खोलीत येतात. पॅरिसची अमृता सिमल्याच्या वडिलांशेजारी उभी राहते. आरशात पडलेलं प्रतिबिंब भलत्याच काळातलं असतं. तिनं काढलेलं चित्र आणि ती स्वतः एकमेकांच्या अंगावर रेलतात. काळ्यापांढऱ्या रंगात हे इतकं सफाईदार आहे की पहिल्या नजरेला खरंच वाटतं, आणि मग लक्षात येतं की बाप म्हातारा आहे आणि त्याच फोटोत मुलगी लहान आहे, हे कसं शक्य आहे?

मला एक प्रश्न पडला होता, तुम्हालाही पडेल. मेलेल्या माणसांना असं हलवण्याचा हक्क कोणी दिला? काहींना हे काम अजिबात रुचत नाही, बाप आणि मुलगी इतक्या जवळ आणून ठेवलेली पाहून अवघडल्यासारखं होतं. मलाही काही चित्रांत झालं. पण एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. विवाननं एकही चेहरा बनवला नाही. प्रत्येक चेहरा खऱ्या प्लेटवरचा, आजोबांच्या कॅमेऱ्यानं टिपलेला. त्यानं फक्त शेजार बदलला. माझ्या ॲपनं मात्र शेजार तसाच ठेवला आणि चेहरा बनवला. आजीनं नेमकं तेच पकडलं होतं.

मटकीचा सिनेमा

जाता जाता एक आपल्या मातीतली गोष्ट सांगायलाच हवी, कारण तीही १८७० मध्येच जन्मली. उमराव सिंगांच्याच वर्षी त्र्यंबकेश्वरला धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. दादासाहेब फाळके म्हटलं की आपल्याला थेट 'राजा हरिश्चंद्र' आठवतो, १९१३ चा. पण त्याआधी ते फोटोग्राफर होते, गोध्र्याला स्टुडिओ चालवत होते, जादूचे खेळसुद्धा करायचे. सिनेमासाठी पैसे कोणी देईना, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोज थोडं थोडं टिपत गेले. महिन्याभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली, कोंब उगवला, वेल चढला. ते पाहून पैसे उभे राहिले. घरात सरस्वतीबाई फिल्म धुवायला, तिला भोकं पाडायला रात्री जागत होत्या. प्रयोग म्हटलं की आपण मॉस्को नि पॅरिस बघतो. हा प्रयोग दादरच्या घरातल्या कुंडीत झाला.

तुमच्या फोनमध्ये टाइमलॅप्स नावाचा पर्याय असतो, तो बहुतेकांनी एकदाही उघडलेला नसतो. रात्री मटकी भिजवा, सकाळी उपसून फडक्यावर पसरा, फोन एखाद्या डब्याला टेकवून, चार्जर लावून ठेवा आणि मोड येईपर्यंत चालू राहू द्या. फडकं मधूनमधून ओलं करा, पण फोन हलवू नका. घरातली लहान मुलं ते पाहताना जितकी शांत बसतात तितकी कार्टूनपुढेही बसत नाहीत. मी शेजारच्या दोघांवर करून पाहिलं आहे.

रोडचेंकोसारखं बघायचं असेल तर फोन उलटा धरा, म्हणजे कॅमेरा खाली जमिनीलगत येतो. मग जिना, पायऱ्या, चालणारे पाय बघा. त्याचा १९३० चा एक फोटो आहे, बाळाला कडेवर घेतलेली बाई रुंद पायऱ्या चढते आहे आणि पायऱ्यांच्या सावल्या तिरक्या पट्ट्यांसारख्या पसरल्या आहेत. दिल्लीत असाल तर जंतरमंतरला सकाळी जा. १७२४ मध्ये बांधलेली ती यंत्रं म्हणजे नुसते जिने नि सावल्या. दिल्लीत नसाल तर नदीचा घाट चालेल, सोसायटीचा जिनाही चालेल. खिडकीच्या ग्रिलची सावली कोणाच्या तरी चेहऱ्यावर पडू द्या. ही युक्तीसुद्धा त्याचीच, लायका कॅमेरा घेऊन बसलेल्या मुलीच्या १९३४ च्या फोटोतली.

आणि जुने अल्बम हाताळत असाल तर एक विनंती. मूळ फोटोवर काही करू नका. चिकट पानांचे अल्बम असतील तर फोटो ओढून काढू नका, फाटतो. पानासकट खिडकीजवळ न्या, फ्लॅश बंद करा, सरळ वरून फोटो काढा आणि जे काय करायचं ते त्या प्रतीवर करा. फुकटच्या ॲपमध्ये घरच्यांचे चेहरे टाकण्याआधी, ते ॲप फोटो स्वतःकडे ठेवून घेतं का, तेही वाचा. मी वाचलं नव्हतं. सिरियलमधल्या त्या मुलीच्या निमित्तानं आमचे चौदाजण कुठे जाऊन बसलेत कोण जाणे.

दुसरी पायरी

तर आजीचं काम. ॲप काढून टाकलं. बाबांना विचारलं, आत्याचा एखादा फोटो आहे का? मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. त्यांनी चहाचा कप ठेवला, फोन उघडला आणि बरंच मागे जाऊन एक फोटो काढला. २०१९ चा, इंदूरच्या घरातला. केस पिकलेले, चष्मा, हातात पोह्यांची बशी, कोणाकडे तरी बघून ती हसते आहे. म्हणजे बाबांकडे तिचा नंबर होता. आईला माहीत होतं. मला नव्हतं आणि आजीलाही नव्हतं. आजी काही बोलली नाही. तिनं फोन हातात घेतला आणि स्क्रीन काळी पडली की परत परत बोट लावत राहिली.

तरुणपणचा फोटो मागवू का, असं मी विचारलं. आजी म्हणाली, "कशाला? आहे तशी असू दे."

मार्केटमधल्या स्टुडिओत गेले. माप सांगितलं, चेहरा शर्टाच्या बटणाएवढा हवा. दुकानदारानं मूळ फोटो पाहिला आणि उत्साहानं म्हणाला, "मॅडम, पूरा फेस सेट कर दूँगा, पता भी नहीं चलेगा, उमर भी कम कर दूँगा." त्याला समजावण्यात दहा मिनिटं गेली की पता चलायला हवा. पहिली प्रिंट मोठी झाली, दुसरी लहान, तिसरी जमली.

कापून चिकटवायची गरजच पडली नाही. आमचा फोटो अल्बममध्ये कोपऱ्यांत नुसता अडकवलेला आहे. आजीनं तो हलक्या हातानं सोडवला, मागच्या काळ्या पानावर ती छोटी प्रिंट ठेवली, सरकवून बघितली, पुन्हा सरकवली आणि वर जुना फोटो बसवला. आता भोकातून आत्या दिसते. खांदा बावीस वर्षांचा, वेणी काळीभोर, आणि वर अठ्ठावन्न वर्षांची बाई चष्म्यातून हसते आहे. शेजारी बसलेली आजी तिच्याहून कितीतरी तरुण दिसते. भोकाची ब्लेडची कड स्पष्ट दिसते, कारण आजोबांचा हात एका जागी थोडा चुकला होता.

मी त्या पानाचा फोटो काढला आणि बाबांनी तो आत्याला पाठवला. दोन निळ्या रेघा लगेच आल्या. उत्तर मात्र संध्याकाळपर्यंत आलं नाही. आजी त्या दिवशी टीव्हीसमोर बसली होती, पण आवाज बंद होता.

साडेआठला बाबांचा फोन वाजला. आत्यानं लिहिलं होतं, "ती साडी आईची होती. निळी. परत द्यायची राहिली."

बाबांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आजी म्हणाली, "निळी कसली, जांभळी होती. दे तो फोन इकडे, मी सांगते तिला."